वॉर्डाबाहेरची खुर्ची

श्री. व्यंकटराव, म्हणजे आपले अण्णा, मला प्रथम भेटले ते चामराजपेटेतल्या एका लग्नात. नुकताच डिप्लोमा झालेला मी, जेवण पुरेल का या काळजीने स्वयंपाकघरात खेटे घालत होतो. मी मुलीकडचा नव्हतो आणि मुलाकडचाही नव्हतो, नुसता शेजारी. अण्णा हसून म्हणाले, "इतकं भिणारा माणूस मला हवाच होता. सोमवारपासून कामाला ये."

काम रुग्णालयांतला गारवा आणि ऊब सांभाळण्याचं. अण्णांचा दंडक आजही एकच आहे: नवी यंत्रणा सुरू होईल त्या दिवशी आपण यंत्राजवळ नाही, वॉर्डाबाहेर बसायचं. यंत्रापाशी बसलं की रुग्ण दिसत नाही, असं ते म्हणतात.

बनशंकरीच्या रुग्णालयात डिझेलच्या बॉयलरऐवजी त्यांनी कार्बन डायऑक्साइडवर चालणारा हीट पंप बसवला. ऑपरेशन थिएटर गार करताना निघणारी उष्णता तो पाण्याला देतो, आणि त्या पाण्याने नवजात बाळांच्या कक्षातली हवा उबदार राहते. बदलाच्या दिवशी त्याच कक्षात माझी नात होती, दिवस भरण्याआधी जन्मलेली. काम पुढे ढकला म्हणून मी अण्णांना विनवलं. पण जुना बॉयलर गळू लागला होता. थांबण्यातच जास्त धोका होता. आम्ही दोघे बाहेर बसलो. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी माझी गत. तेवढ्यात फोन आला, हीट पंप बंद पडला होता.

बॉयलरच्या सवयीने आमच्या माणसांनी पाणी जोरात फिरवत ठेवलं होतं. ते गरमच परत येत होतं, आणि या यंत्राला परतीचं पाणी थंड लागतं. "फिरवणं स्वल्प कमी करा, मग परत चालू करा," अण्णांनी सांगितलं. फोन ठेवून लगेच त्यांनी पुन्हा लावला आणि तेच परत सांगितलं.

"अण्णा, तुम्हीपण भ्यालात?"

"मग? भ्यालो म्हणून तर हितं बसलोय की रे!"

बऱ्याच वेळाने नर्सबाईंनी दार उघडून "सरी इदे" म्हटलं, सगळं ठीक आहे. मी तिथेच रडलो. अण्णांनी कॉफी मागवली.

अलीकडे छातीच्या दुखण्याने अण्णा त्याच रुग्णालयात होते. दंडकाप्रमाणे मी बाहेर बसलो. आत सोडलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "बाळांकडं ऊब आहे नव्हं?"

पंचाहत्तरीच्या या वळणावर अण्णांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. बोम्मसंद्रातल्या रुग्णालयाचं काम अजून व्हायचं आहे, आणि वॉर्डाबाहेर एकट्याने बसायला मला भीती वाटते.