रुखवतातलं विमान

कुणाच्याही लग्नात मी रुखवताच्या टेबलाकडे फिरकत नाही. बायका हाताला धरून ओढतात, "अहो चला, मुलीनं काय काय केलंय बघा तरी," आणि मी गुडघ्यांचं कारण सांगून खुर्चीतच बसून राहते. गुडघे माझे ठणठणीत आहेत. त्या टेबलावर एकदा माझं विमान ठेवलं होतं, म्हणून मी जात नाही.

विमान म्हणजे जत्रेतलं खेळणं नव्हे. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, चार फुटी पंखांचं, जमिनीवर उभं राहून रेडिओनं वळवायचं ग्लायडर. आणि ते मी बांधलं होतं, या माझ्या हातांनी.

आम्ही नाशिक रोडला कॉलनीत राहायचो. शेजारचे काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या भावानं विलायतेहून पाठवलेला, विमानाच्या सुट्या भागांचा संच त्यांच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होता. काकांच्या हाताला कंप सुटलेला, त्यामुळे त्यांना ते बारीक काम जमत नव्हतं. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात, माझी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच संपलेली असताना, मी त्यांच्याकडे लोणच्याची वाटी परत द्यायला गेले. त्यांनी वाटीऐवजी माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझे हात स्थिर आहेत. बांधतेस का?"

तोवर माझ्या हातांकडे कुणी बघितलं असेल तर ते मेंदी किती रंगली म्हणून.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्या गॅलरीत बसून होते म्हटलं तरी चालेल. जुन्या कॅरम बोर्डावर विमानाचा नकाशा पसरायचा, ब्लेडनं पंखांच्या फासळ्या कापायच्या, टाचण्यांनी जागच्या जागी रोवायच्या आणि मग चिकटवायच्या. डाव्या पंखाच्या शेवटच्या दोन फासळ्यांना टाचण्या पुरल्या नाहीत, तर मी तशाच चिकटवल्या. आळस, दुसरं काय! काका सांगायचे, पंखाला पीळ पडला तर घाबरायचं नाही. चहाच्या आधणाच्या वाफेवर दोन मिनिटं धरायचा, हलक्या हातानं उलटा पिळायचा आणि गार होईपर्यंत सोडायचा नाही. लाकूड ऐकतं.

रेडिओनं मात्र नाकी नऊ आणले. माझा पहिला सोल्डरिंगचा जोड बघून काका म्हणाले, "हा जोड आहे होय? चिखल आहे हा. काढ, परत कर." असे किती वेळा परत केले देव जाणे. हातातल्या डब्याला एकच बटण. एकदा दाबलं की शेपटीचं सुकाणू उजवीकडे, लागोपाठ दोनदा दाबलं की डावीकडे. गॅलरीच्या या टोकाला मी बटण दाबलं आणि त्या टोकाला, मधे तार ना दोरी, सुकाणू टक्कन हललं, तेव्हा मी अक्षरशः नाचले. काकूंना वाटलं पाल पडली अंगावर.

घरी कसलं कौतुक! आई म्हणायची, "मेला तो गोंदाचा वास घेऊन येतेस रोज. त्याऐवजी क्रोशा शिकली असतीस तर आतापर्यंत डझनभर रुमाल झाले असते."  

विमान पुरं झालं त्या दिवशी काकांनी ते दोन बोटांच्या टोकांवर तोलायला लावलं. जराही इकडेतिकडे झालं नाही. मग एक डोळा मिटून त्यांनी मागून पंखांवरनं नजर टाकली आणि गालातल्या गालात हसले. "एक बारीक चूक ठेवलीयस तू. मी सांगणार नाही. उडव, ते विमानच तुला सांगेल."

"काका, सांगा ना आत्ताच!"

"अं हं. आणि पहिलं उड्डाण जिनं बांधलं तिनं करायचं. मी बटणाला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणीही नाही. येत्या रविवारी."

त्या रविवारी मला बघायला मंडळी आली. नामपूरची, कांद्याचा व्यापार असलेली, नात्यातनं सुचवलेली. पसंती तिथेच झाली. आई म्हणाली, विमान काय, लग्नानंतरही उडवता येईल, पण उन्हात काळवंडलेली नवरी कुणाला दाखवू? दीड महिन्यावर तारीख आली. आणि मग अवतरली मावशी.

मावशीकडे रुखवताचं खातं होतं. आगकाड्यांचं घर, शिंपल्यांचं देऊळ, वायरच्या पिशव्या, सगळं तिनं मांडून बघितलं आणि नाक मुरडलं. "हे सगळ्यांकडेच असतं गं." मग तिची नजर माझ्या खोलीत, मी घरी आणून ठेवलेल्या विमानावर गेली. "अगंबाई! हे तू केलंस?"

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. दोन वर्षांत घरातल्या माणसानं पहिल्यांदा विमानाकडे धड बघितलं होतं. मावशीनं चार बायकांना बोलावून दाखवलं, आईसुद्धा पदर सावरत म्हणाली, "आमच्या मुलीनं केलंय बरं का." मी फुलून गेले. माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं पंखांच्या कडेनं जरीची किनार चिकटवायला घेतली. मधे मधे टिकल्या, आरसे. मी म्हटलं, "मावशी, नको गं, वजन वाढेल त्यानं."

"अगं, वजन कुणाला करायचंय? दिसायला नको का?"

 आणि खळ मीच कालवून दिली. मावशीनं यमक जुळवून चार ओळी लिहिल्या, त्यात नवऱ्याचं नाव गुंफलं आणि तो कागद विमानाच्या नाकावर चिकटवला. मांडवात त्या टेबलाभोवती ही गर्दी! कधी नव्हे ते पुरुषमाणसंही रुखवत बघायला आली. काका आले, लांबूनच बघितलं, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. त्यांच्या मागे धावत जावं असं मला वाटलं होतं. पण शालू नेसून कुणी धावतं का!

रुखवत मुलीबरोबर सासरी जातं, तसं विमान नामपूरला गेलं आणि बाहेरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर बसलं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "हाई खरंच उडस का?" त्या घरात मला विचारला गेलेला तेवढाच एक शहाणा प्रश्न. मी म्हटलं, "उडतं." पण यांना सांगितलं, कांदा निघाला की मागचं शेत रिकामं होतं, एकदा उडवून बघू या, तर म्हणाले, "वेडी का काय तू? पडलं म्हणजे? लोक मुद्दाम बघायला येतात ते."

यांना अभिमान होता माझा. आल्यागेल्याला हात धरून दाखवायचे, "हे आमच्या हिनं केलंय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? दर वर्षी कांदा निघाला की मी विषय काढायची, मग दोन वर्षांआड, मग तेही सोडलं. कपाटाला काही कुलूप नव्हतं. मागच्या दारानं शेतात गेले असते तर फार तर चार दिवस घरात धुसफूस झाली असती. तेवढीसुद्धा माझी तयारी नव्हती. मावशीला, यांना बोल लावत किती वर्षं घालवली मी, पण खरी भित्री मीच!

सात-आठ वर्षांनी माहेरी गेले असताना काकांकडे गेले. आता दोन्ही हात थरथरत होते. मला बघून त्यांनी आधी मुलंबाळं विचारली नाहीत. म्हणाले, "मग? चूक सापडली?"

नाही उडवलं असं सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, "हो काका. पहिल्याच उड्डाणात."

ते खुर्चीत पुढे सरकले. "काय होती गं?"

सुचलं ते ठोकून दिलं, "शेपूट जरा जड झालं होतं."

 ते मागे टेकले आणि म्हणाले, "बरोबर. हुशार आहेस." आणि काकूंना माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

नामपूरला परत आले त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. मी विमान काढून स्वयंपाकघरात नेलं, धूळ पुसली, एक डोळा मिटला आणि मागून पंखांवरनं नजर टाकली. डाव्या पंखाच्या टोकाला पीळ होता. जिथे टाचण्या पुरल्या नव्हत्या, बरोबर तिथून सुरू झालेला. विमान पहिल्या क्षणापासून एका बाजूला ओढत राहिलं असतं, आंधळ्यालाही कळलं असतं. शेपटीत काही म्हणजे काही नव्हतं. म्हणजे काकांना माझी थाप तिथल्या तिथे कळली होती, आणि तरी ते "बरोबर" म्हणाले.

मला रडू आलं आणि स्वतःचा असा राग आला की ती जरीची किनार मी ओरबाडूनच काढली. मग पातेल्यात पाणी ठेवलं. दोन मिनिटांचं तर काम. वाफ यायला लागली, मी पंख वर धरला, तेवढ्यात बाहेर चपला वाजल्या आणि यांचा आवाज आला, "अगं, विमान कुठं गेलं? सटाण्याचे पाहुणे आलेत, त्यांना दाखवायचंय."

मी विमान नेऊन दिलं. पाणी उकळलेलंच होतं, त्यात पाहुण्यांचा चहा टाकला.