वत्सलाताईने मागितलेली जागा

जेवणाची सुट्टी झाली की वत्सलाताई तांब्या घेऊन एकेकीसमोर उभी राहायची. समोरची पाणी पिईपर्यंत हलायची नाही. भिवंडीतल्या त्या लूमच्या कारखान्यात आम्ही काही बायका कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर मशीनने सूत गुंडाळायचो. पुरुष भिंतीमागे नाल्यावर जायचे. बायकांना जागाच नव्हती, म्हणून आम्ही दिवसभर पाणी टाळायचो.

"लाजेपायी तहान मारता आणि घरी जाऊन ताप काढता. अंग काय शेठचं हाय का?" ती म्हणायची. मग दोघी-दोघींना रस्त्यापलीकडे ओळखीच्या घरी नेऊन आणायची. मुकादम कुरकुरायचा.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. लघवीला जळजळ व्हायची, ओटीपोट दुखायचं. काहीतरी वाईट रोग लागला असं वाटून मी सासूलाही बोलले नव्हते. मला मशीनला धरून उठताना वत्सलाताईने पाहिलं आणि सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. भरपूर पाणी प्या, रोखून धरू नका, दुर्लक्ष केलं तर हे मूत्रपिंडापर्यंत चढतं, असं बजावलं.

परतताना ताई म्हणाली, "गोळ्यांनी बरी होशील गं. पण उद्या तिथंच येऊन परत रोखून धरशील. आपल्याला संडास पायजे."

काही दिवसांनी, संडास मिळेपर्यंत काम नाही म्हणून, आम्ही कोणीच मशीनवर बसलो नाही. कांड्या संपल्या तसे एकेक लूम थांबू लागले. मुकादम मिलिंद धावत आला. तो तिच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. तिनेच वाढवलेला, तिनेच शब्द टाकून कामाला लावलेला.

"मावशी, शेठ बांधून देतो म्हणालाय. बायांना बसव. मी हाय ना."

ती स्वतः प्रत्येकीकडे गेली. "बसा गं. मिल्या आपला हाय."

खोली खरंच बांधली गेली. पत्र्याचं दार बसलं त्या दिवशी ताई घरून फिनेल घेऊन आली. दाराला कुलूप होतं. फटीतून सुताची पोती दिसत होती.

"माल ठेवायला जागा नव्हती," मिलिंद खाली बघत म्हणाला. "आणि उद्यापासून तू येऊ नको, मावशी. तू बायांना भडकवतेस, असं शेठला कळलंय."

"कुणी सांगितलं?"

त्याने कुलपाची किल्ली खिशात टाकली. शेठपाशी उठबस असलेला आमच्यातला तो एकटाच होता.

"मिल्या," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या मांडीवर मुतायचास, तवा मी कधी नाक मुरडलं न्हाय. आणि तुझ्यानं मला एक आडोसा देववला न्हाय."

आम्ही मशीनवरून उठायला लागलो, तर तिनेच हाताने बसा म्हणून खुणावलं आणि फिनेलची बाटली घेऊन निघून गेली.

पुढे ती मानकोलीला गोदामात लागली. बऱ्याच वर्षांनी मिलिंदची बायको थंडीतापाने फणफणली, कंबर धरून विव्हळायला लागली. तो कुणाकडे जाणार? मावशीच्याच दारात आला. ताई ताटावरून उठली. रिक्षातून सुनेला इस्पितळात नेलं आणि ती बरी होईपर्यंत उशाशी बसली. मी डबा घेऊन जायचे.

घरी सोडायच्या दिवशी मिलिंद तिच्या पायाशी वाकला. "मावशी, आता तरी राग सोड."

तिने पाय मागे घेतले.

"हिच्यासाठी आले होते. ती परक्या घरची पोर, तिनं माझं काय वाईट केलंय? तू माझा होतास."