जोडीदाराची कुस्ती

निजामाच्या अमलात नळदुर्गच्या तालमीत माझा एक जोडीदार होता. अंगानं दणकट, पण कुस्तीआधी त्याच्या छातीत धडधड सुरू व्हायची. माती उचलून तो कपाळाला लावायचा. नीट लागली नाही असं वाटून पुन्हा लावायचा, पुन्हा पुन्हा. "म्या चुकलो तर घरात कुणाचं तरी वाईट हुईल," असं तो मला सांगायचा. हे खरं नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी हात थांबत नव्हता.

जत्रेच्या कुस्त्यांच्या फडात तो असाच माती लावत वाकून राहिला. लोक खिदळले. पंचांनी त्याला भित्रा म्हणून बाहेर काढलं. ह्याला बाहेरची बाधा झालीय म्हणून वस्तादांनी देवऋषी बोलावला. त्या माणसानं लिंबाच्या फोकांनी त्याची पाठ सोलली. मी फोक हिसकावून मोडला आणि वस्तादांना म्हणालो, "आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाय. तुम्हाला जमत नसंल तर मी बघतो."

त्यानंतर आम्ही दोघं रानात मेहनत करू लागलो. त्याचा हात अडकला की मी घाई करायचो नाही, हसायचो नाही. नुसता शेजारी उभा राहायचो. हळूहळू छाती धडधडत असतानाही तो एकदाच माती लावून भिडू लागला.

पुढच्या जत्रेत त्यानं कुस्ती मारली. फेटा बांधताना तेच पंच म्हणाले, "देवऋषीचा गुण आला बगा."

माझं डोकं फिरलं. "पाठीवरचे व्रण बगा त्याच्या," मी भर फडात ओरडलो. पंचांनी वस्तादांना सांगून मला तालीम बंद केली. जोडीदारानं फेटा काढून त्यांच्या हातात दिला. त्या तालमीत आम्ही दोघांनी पुन्हा पाय ठेवला नाही.