सुभेदारांनी खोडलेल्या ओळी

साताऱ्याचे हिंदुराव जाधव फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात, सुभेदार होते. अनोळखी माणसाला काही सांगायचं नाही, ही सवय पेन्शनीतही सुटली नव्हती. पत्नी विजयमालाबाईंची दृष्टी गेल्यापासून संगणकावरचा एक फुकटचा प्रोग्राम त्यांना पुस्तकं वाचून दाखवी. नवी आवृत्ती घेतली आणि तो मुका झाला.

हिंदुरावांनी प्रोग्रामच्या संकेतस्थळावर तक्रार लिहिली. तो बिनपगारी सांभाळणाऱ्या, सांगलीच्या विश्रामबागमधल्या प्रियदर्शनी चौगुलेचं लगेच उत्तर आलं : संगणकावरची बिघाडाची नोंद पाठवा.

"पगाराशिवाय कोण राबतं? हिला आपल्या संगणकात काय बघायचंय?" हिंदुराव म्हणाले.

"आवं, माझी पुस्तकं हायत तिथं. तिला काय तुमची तोफ गावणार हाय?" विजयमालाबाई म्हणाल्या.

अखेर त्यांनी नोंद पाठवली. पण सीमेवरून घरी पत्र धाडताना करायचे तसं नावं, गावं, फोल्डर सगळं खोडून.

"काका, बिघाड बहुतेक खोडलेल्या ओळींतच आहे," तिने लिहिलं. "मला दाखवू नका. फोल्डरचं नाव मराठीत असेल तर ते इंग्रजीत करून तुम्हीच बघा. काय होतं ते कळवा, आणखीही लोक असेच अडलेत."

त्यांनी तसं केलं आणि प्रोग्राम बोलू लागला. संशय काही फिटला नाही, तरी त्यांनी कळवलं, "चालला. मराठी नावावरच अडत होता."

तिने दुरुस्ती केली आणि नवी प्रत तपासायला त्यांनाच पाठवली.

"मलाच का?" असं पुटपुटत हिंदुरावांनी आधी इंटरनेटची वायर उपसली, मग फोल्डरला पुन्हा मराठी नाव देऊन ती प्रत चालवली.

"आता गप बसा की," विजयमालाबाई म्हणाल्या. "ऐकू द्या मला."