सुस्थितीत सोडलेला तित्तर

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक ओळ आहे. ‘जप्त केलेला पक्षी सुस्थितीत असल्याने त्यास नैसर्गिक अधिवासात मुक्त करण्यात आले.’ परीक्षकांनी त्या ओळीला बोटही लावलं नाही. मला मात्र ते पान उघडून ती वाचवत नाही, कारण पक्षी सुस्थितीत आहे असं सांगणारी मीच होते.

शिकारी समाज आणि वन्यजीव व्यवस्थापन या विषयावर संशोधक विद्यार्थी हवेत, अशी जाहिरात विद्यापीठाच्या फलकावर लागली होती. मी अर्ज केला तो काही रानाच्या ओढीने नाही. शिष्यवृत्ती होती आणि कुंभकोणम सोडावं लागणार नव्हतं, एवढंच. मुलाखतीत मी घरच्या भाषेचं भांडवल केलं. आमचं घर मराठी, मराठ्यांच्या राज्यात इकडे येऊन राहिलेलं. इथे देवळांपाशी मण्यांच्या माळा विकणारे नरिकुरवर लोक पूर्वी शिकारीवर जगत, आणि त्यांची बोलीही उत्तरेकडून आलेली. तिच्यातले बरेच शब्द मला कळतात, असं मी ठोकून दिलं. खरं तर दहातले दोन कळत. जागा मिळाली.

वडिलांनी कपाळाला हात लावला. दर आठवड्याला गोविंदपुरमला भजनाला जाणारा माणूस; आमच्या स्वयंपाकघरात लसूणसुद्धा भीतभीत येतो. आणि मुलगी निघाली शिकाऱ्यांच्या मागे. “अस्की सोडून हेंच मेळलं तुला?” सगळं सोडून हेच, एवढंच ते आमच्या घरच्या मराठीत म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

शिकाऱ्यांच्या वस्तीत मला एक म्हातारा भेटला. मी त्याला तात्ता, म्हणजे आजोबा म्हणायची, तो मला पाप्पा, म्हणजे पोरी. गुडघे गेल्यापासून त्याची शिकार सुटली होती, पण त्याच्याकडे एक तित्तर होता. असा तित्तर पिंजऱ्यातून बांधावर न्यायचा; तो ओरडला की रानातला नर भांडायला धावत येतो आणि फासात सापडतो. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. हेही उतरवून घेतलं, की ज्या तित्तराने घर पोसलं त्याला कापायचं नाही. म्हातारपणी त्याला वाळवी भरवायची, आणि मेला की घराच्या मागे, घरच्या माणसासारखं पुरायचं. तात्ताचा हा तित्तर कोंबडीखाली उबवलेला. आयुष्यात त्याने स्वतःचा दाणा स्वतः शोधला नव्हता. टोपलीखाली झाकल्याशिवाय झोपायचा नाही. माझ्याही हातून त्याने वाळवी खाल्ली होती.

असा पक्षी पाळणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. कुणीतरी तक्रार केली आणि वनखात्याची माणसं आली. तक्रार मी केली नव्हती, आणि बरेच दिवस मी त्याच एका गोष्टीला धरून बसले होते.

पक्षी ओळखायला मला त्यांच्या कार्यालयात बोलावलं. साहेब भले होते. म्हाताऱ्याचं वय बघून त्यांनी समज देऊन सोडायचं ठरवलंही होतं. त्यांनी मला विचारलं, की हा रानात जगेल ना? नाही म्हटलं असतं तर पक्षी कुठल्यातरी केंद्रात पाठवावा लागला असता. कागद वाढले असते, आणि हा माणसाळलेला आहे हे तुम्हाला कसं माहीत, असंही कुणीतरी विचारलं असतं. माझ्या संशोधनाच्या परवानगीचं नूतनीकरण त्याच टेबलावर पडलं होतं. मी त्या फायलीकडे पाहिलं.

“जगेल,” मी म्हटलं.

कोपऱ्यात तात्ता उभा होता. त्याने पुढे होऊन पिंजऱ्याचं दार नीट लावून दिलं. शिकलेल्या मुलीला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल असं त्याला वाटलं असावं. मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

साक्कोट्टैच्या वाटेवर, अरसलार नदीच्या काठच्या काटेरी झुडपांत तित्तराला सोडलं. तो उडाला नाही. पिंजऱ्याभोवती दोन फेऱ्या मारून पुन्हा दाराशी आला, तेव्हा शिपायाने त्याला पायाने हलकेच पुढे ढकललं. मी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी तिथे गेले. झुडपापासून दहा पावलांवर पिसं पडली होती आणि मातीत मुंगसाची पावलं उमटली होती. मी पिसं गोळा करून पाकिटात भरली. वर जागा लिहिली, तारीख लिहिली. शिकवलेलं असं हातात मुरलेलं असतं. पाकीट कपाटाच्या खणात ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

त्या संध्याकाळी तात्ताने मला विचारलं, कुठे सोडला? मी जागा सांगितली. तेव्हाच पुढचंही सांगायला हवं होतं. तेव्हापासून तो रोज उजाडताच दुखरे गुडघे ओढत त्या काठावर जातो, तोंडाने तित्तरासारखा आवाज काढतो, आणि मग माळा घेऊन देवळापाशी बसतो. मला पदवी मिळाली. मी पेढे घेऊन गेले तेव्हा त्याने आधी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले होते. माळेत मणी ओवता ओवता तो म्हणाला, आता त्याचं वय झालं असेल, मेलाही असेल. मेला असेल तर पुरायला हवा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

“पाप्पा, तू एवढं शिकलीस, तूच सांग. मेला असता तर निदान पिसं तरी दिसली असती ना?”

“दिसली असती, तात्ता,” मी म्हटलं.

त्याला बरं वाटलं. त्याने मान हलवली आणि पुढचा मणी ओवला.