साडूंचं अर्धं तळं

सरकारवर माझ्या थोरल्या साडूंइतका विश्वास खुद्द सरकारचाही नसेल. दारव्ह्याजवळच्या त्यांच्या शेतात शेततळं झालं, त्याचा निम्मा खर्च अनुदानातून आला, आणि त्या दिवसापासून सरकार हा आपला सख्खा भागीदार आहे असं साडूंनी मनोमन ठरवून टाकलं. तळ्यात कोणी पाय धुवायला उतरलं की ते ओरडत, "हळू गा! अर्धं सरकारचं हाय!" तळ्यावर बगळा उतरला तरी ती खबर भागीदाराला पोचायलाच हवी, म्हणून इस्त्रीचा सदरा घालून ते कृषी कार्यालयात जात. तिथल्या कृषी सहायक बाई फार सोशीक. "बरं झालं काका, नोंद घेते," म्हणत आणि चहा मागवत. पुढे बांधावर झाडं लावायची योजना आली. प्रत्येक रोपाशेजारी उभं राहून फोटो पाठवायचा होता. साडू टोपी सारखी करून, श्वास रोखून, शंभर रोपांशेजारी शंभर वेळा उभे राहिले. फोटो काढून काढून मेहुणीचा हात दुखला. "लग्नातबी इतके ताठ उभे नव्हते राह्यले," ती मला म्हणाली.

पलीकडच्या शेतवाल्याशी मात्र साडूंचा आठ वर्षं अबोला होता. कारण मधला बांध. तो बांध नेमका कोणी सरकवला, हे दोघांच्या बायकांनाही कधी कळलं नाही. परवाच्या पावसाळ्यात भर श्रावणात पावसाने दडी मारली. शेजाऱ्याने नुकतीच लावलेली संत्र्याची कलमं माना टाकू लागली. साडू दोन दिवस बांधावर नुसते येरझारा घालत होते. जेवणात लक्ष नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच ते कार्यालयात हजर.

"बाई, माह्या हिश्शाचं पाणी त्याले देलं तं माही इज्जत जाते. सरकारच्या हिश्शातलं देता येईन काय?"

बाईंनी नोंदवही पुढे ओढली. "सरकारची काही हरकत नाही, काका."

साडू तसेच परतले आणि बांधावरून ओरडले, "ऐकून राह्यला काय? सरकारचा हुकूम हाय! पाइप लाव!"

शेजाऱ्याने पाइप आणून जोडला आणि म्हणाला, "सरकारले सांगजो, लय उपकार झाले."

कलमं जगली. तळं मात्र तळाला गेलं आणि साडूंच्या कपाशीला पाणी पुरलं नाही. मी म्हटलं, "साडभाऊ, तुमच्या हिश्शाचं कुठे गेलं?" तर डोकं खाजवत म्हणाले, "पाण्यात वाटणी कुठं दिसते गा?"

त्यानंतर दोघं संध्याकाळी बांधावर बसू लागले. जेमतेम चार महिने. मग शेजाऱ्याची छाती दुखायला लागली आणि मुलगा त्याला इलाजासाठी नागपूरला घेऊन गेला.

गेल्या महिन्यात मी गेलो, तेव्हा साडू शेजाऱ्याच्या शेतात कलमांना पाणी देत होते. अंगात जुनं बनियन, फोटो काढायला कोणी नाही.

"कधी येतात ते?" मी विचारलं.

"आठ वर्सं बोललो नाही त्याच्याशी," साडू म्हणाले. पाणी आळ्याबाहेर जायला लागलं होतं. त्यांनी पाइप उचलला आणि ते पुढच्या कलमाकडे गेले.