जैतुनबीची चिमूट

दवाखान्यात मालिनीबाईंना सगळे ओळखत. घरी ओळखायला कुणी नव्हतं. कमी वयात नवरा गेला, भावाने नर्सिंग शिकायला धाडलं आणि हळूहळू येणंजाणं सोडलं. पंचवटीतल्या खोलीत संध्याकाळी ताट वाढून घेताना त्या कधीकधी मोठ्याने काहीबाही बोलत. तेवढाच आवाज.

येवल्याच्या रहेमानचाचांना त्यांचा शेजारी अकबर दवाखान्यात घेऊन आला. चाचा पैठणी विणणारे, बायको जैतुनबी गेल्यापासून एकटे. खाटेवर बसून ते तिच्याशी बोलत, हवेतून धागे ओढत, धरायला गेलं की मारायला उठत. दुःखाने डोकं फिरलंय, डॉक्टर म्हणाले. उद्याही हीच गत राहिली तर वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं लागेल. अकबरचा चेहरा उतरला. तिथून परत आलेला माणूस त्याने पाहिला नव्हता.

हे दुःखच आहे, असं मालिनीबाईंनाही वाटत होतं. एकट्या माणसाचे हात सवयीचं काम करत राहतात. त्या अकबरला म्हणाल्या, "विणू देत त्यांना."

"हे विणणं नाय, बाई. मागावर धागा तुटला तर आम्ही सांधतो. चाचा ओढून फेकून देतायत. शिकाऊ पोरगंबी असं करायचं नाय."

मालिनीबाई चपापल्या. चाचांच्या हातांत त्या इतका वेळ आपलंच एकटेपण बघत होत्या. त्यांनी चाचांना खिडकीकडे वळवलं. भर उजेडातही डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या पसरलेल्या. अंग तापलेलं, पण घामाचा टिपूस नाही. जीभ कोरडी ठक्क. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टरांनी डोळे पाहिले आणि अकबरला विचारलं, दमा आहे का यांना? होता. त्यासाठी चाचा धोतऱ्याची पानं चिलमीत घालून ओढत. जैतुनबी चिमटीने भरून देई, वर एक पान घालू देत नसे.

"आणि आता?"

"आता स्वतःच भरतात," अकबर म्हणाला. "मुठीनं."

डोकं फिरलं नव्हतं, धोतरा चढला होता. उतरेल, डॉक्टर म्हणाले, कुठे पाठवायला नको.

दुसऱ्या दिवशी तो उतरला. चाचांनी पाणी मागितलं, अकबरला नावाने हाक मारली. चिलीम यापुढे आपली अनवरीच भरून देईल, असं अकबरने बायकोच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं. चाचा हसले नाहीत. खाटेच्या पायथ्याकडे बघत राहिले.

"बाई, ती इथंच बसली होती. कुठं गेली?"

"नव्हती, चाचा."

चाचांनी मान हलवली. हात मांडीवर गप्प पडून होते.

संध्याकाळी मालिनीबाईंनी ताट वाढून घेतलं. नेहमीसारखं काहीतरी बोलल्या. आज पहिल्यांदाच उत्तरासाठी कान दिला. मग त्या जेवायला बसल्या.